काढलेलं दूध बाळाच्या पोटात पोचेपर्यंत: एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नव्याने आलेल्यांसाठी

१००० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला १६० मिली दूध चाललंय. फीड पचतंय, पोट मऊ आहे, तरी आठवडाभर वजन जिथल्या तिथे. अशा वेळी नव्या माणसाचा संशय आधी आईवर जातो: दूध पातळ असेल. बहुतेक वेळा दुधात खोट नसते, घट होते ती वाटेत. दूध एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं की थोडा स्निग्धांश भांड्याला चिकटतो, गोठलं की पेशी मरतात, तापवलं की एन्झाइम जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला यातलं काहीच परवडत नाही. म्हणून हा लेख दुधाच्या वाटेनेच जातो.

आधी हिशेब

युरोपातल्या बाल-पचनविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार अशा बाळाला दर किलो वजनामागे रोज ११५ ते १४० किलोकॅलरी, ३.५ ते ४ ग्रॅम प्रथिनं, १२० ते २०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ७० ते ११५ मिलिग्रॅम फॉस्फरस लागतं.

आता दूध काय देतं ते बघा. १०० मिलीत साधारण ६७ किलोकॅलरी आणि पहिल्या काही आठवड्यांनंतर १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धरली, तर १६० मिलीतून १०७ किलोकॅलरी आणि १.९ ग्रॅम प्रथिनं मिळतात. कॅल्शियम पन्नास मिलिग्रॅमच्या आतच राहतं. म्हणजे एक थेंब वाया न जाताही प्रथिनं निम्मीच. दान केलेलं दूध बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळांच्या आयांचं, बाळंतपणाला काही महिने झाल्यानंतरचं असतं. त्यात प्रथिनं १०० मिलीला ०.९ ग्रॅमच्या आसपासच, म्हणजे १६० मिलीतून दीड ग्रॅमसुद्धा नाही.

हा हिशेब पाठ असला की पुढच्या पायऱ्यांमध्ये काय जपायचं ते आपोआप कळतं.

पायरी १: दूध काढणं

जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, फार तर सहा तासांच्या आत पहिल्यांदा काढायला सुरुवात. पुढे चोवीस तासांत ८ ते १० वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री. पहिले दोन-तीन दिवस चीक इतका थोडा आणि दाट असतो की पंपाच्या भांड्यालाच लागून राहतो. तेव्हा हाताने काढून थेट १ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घेतलेला बरा. तोंडात लावण्यासाठी दोन्ही गालांच्या आत ०.१ मिली पुरतो, त्यामुळे ०.५ मिली हाती आला तरी "एवढासाच" म्हणून कुणी टाकू नये आणि आईसमोर तर तसं बोलूही नये.

दूध उतरलं की पंपाचा डबा मध्येच बदलायचा नाही. सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं स्निग्धांशाने भरलेलं असतं. आई दहा मिनिटांतच थांबली तर उरलेलं दाट दूध स्तनातच राहतं. धार थांबल्यावर आणखी दोन मिनिटं, हाताने दाबत दाबत, असं सांगा. चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला ५०० मिली हे चांगलं लक्ष्य.

पंपाचे भाग आधी गार पाण्याखाली धुवायचे. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर दुधाची प्रथिनं प्लास्टिकवर बसतात. मग साबण आणि गरम पाणी, त्यासाठी वेगळं भांडं (बेसिनमध्ये ठेवून नाही), दिवसातून एकदा निर्जंतुक आणि हवेवर वाळवणं. फडक्याने पुसायचं नाही.

पायरी २: डबा, चिठ्ठी, फ्रीज

डबा काचेचा किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या कडक प्लास्टिकचा, झाकण घट्ट. पातळ पिशव्या मोठ्या बाळांसाठी चालतात, एनआयसीयूत नाही. त्या गळतात, ओतताना स्निग्धांश घडीत अडकतो आणि काही प्लास्टिकला प्रतिपिंडंही चिकटतात.

चिठ्ठीवर आईचं नाव, बाळाचा नोंदणी क्रमांक, काढल्याची तारीख आणि वेळ, आई घेत असलेली औषधं. गोठवलेलं दूध वितळायला काढलं की ती वेळ वेगळी. चिठ्ठी डब्याच्या अंगावर लावा, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. एका बाळाला दुसऱ्या आईचं दूध गेलं तर तो प्रसंग रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या तपासण्यांपर्यंत जातो. म्हणून देताना दोघांनी नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचायचे, रात्री तीन वाजतासुद्धा.

मुदती अशा. ताजं दूध २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या खोलीत ४ तास. ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ९६ तासांपर्यंत. काही युनिट ४८ तासच धरतात आणि आपल्या युनिटचा नियम कडक असेल तर तोच पाळायचा. उणे २० अंशांत बारीक बाळांसाठी तीन महिन्यांच्या आत. वितळलेलं दूध फ्रीजमध्ये २४ तास, पुन्हा गोठवायचं नाही. फोर्टिफायर (दुधात प्रथिनं, खनिजं आणि कॅलरी वाढवणारी पावडर) घातलेलं दूधही २४ तासच.

फ्रीजमधल्या चार दिवसांत प्रतिपिंडं, लॅक्टोफेरिन (जंतूंना रोखणारं प्रथिन) आणि एकूण स्निग्धांश बऱ्यापैकी टिकतात. घटतात त्या जिवंत पांढऱ्या पेशी आणि क जीवनसत्त्व. म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांत लागणारं दूध गोठवण्यात अर्थ नाही. अनेक ठिकाणी सवय उलटी असते: काढलं की फ्रीजरमध्ये, आणि बाळाला मात्र महिन्यापूर्वीचं, "जुनं आधी संपवा" म्हणून. किराणा मालाला हा नियम ठीक आहे. बाळासाठी क्रम असा: चीक ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, मग आजचं ताजं, मग फ्रीजमधलं, मग गोठवलेलं आणि शेवटी दान केलेलं.

एका दिवसात काढलेलं सगळं दूध गार करून एकत्र केलं तर सकाळचं पातळ आणि संध्याकाळचं दाट यांची सरासरी होते, प्रत्येक फीड सारखं पडतं. फक्त ताजं कोमट दूध थेट गार दुधात ओतू नका. आधी वेगळं गार करा, मग मिसळा.

दूध फ्रीजच्या दारात ठेवायचं नाही. आत थर्मामीटर आणि दिवसातून किमान दोनदा नोंद.

पायरी ३: गोठवणं आणि वितळवणं

गोठताना बर्फाचे स्फटिक स्निग्धांशाच्या गोळ्यांभोवतीचं नाजूक आवरण फाडतात. आतली चरबी उघडी पडते, एकमेकींना चिकटते आणि मग भांड्याला. शिवाय दुधातलं लायपेज हे चरबी फोडणारं एन्झाइम उणे २० अंशांतही पूर्ण झोपत नाही. ते हळूहळू फॅटी आम्लं सुटी करत राहतं, त्यामुळे जुन्या गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. हे दूध नासलेलं नसतं. घरी काही जणी यावर उपाय म्हणून दूध काढल्या काढल्या उकळीच्या आधीपर्यंत तापवून मग गोठवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी हे करू देऊ नका. त्याच्या स्वादुपिंडातून चरबी पचवणारं एन्झाइम जेमतेमच येतं, दुधातलं लायपेज हाच त्याचा आधार असतो. नळीने जाणाऱ्या दुधाची चव बाळाला लागतच नाही, मग वासाची काळजी कशाला?

भांडं तीन चतुर्थांशच भरा, गोठताना दूध फुगतं. एका फीडला लागेल तेवढंच एका डब्यात. पहिल्या आठवड्यात ५ ते १० मिलीचे डबे, नंतर मोठे. १०० मिलीचा डबा १२ मिलीसाठी वितळवला तर उरलेल्या ८८ मिलीच्या मागे घड्याळ लागतं.

वितळवायचं ते रात्रभर फ्रीजमध्ये. घाई असेल तर ३७ अंशांपेक्षा गरम नसलेल्या पाण्यात, झाकण पाण्याच्या वर ठेवून. त्या पाण्यात स्यूडोमोनाससारखे जंतू वाढतात आणि झाकणाच्या कडेने थेंबभर आत गेला तरी पुरतो, म्हणून दर वेळी पाणी बदला आणि उघडण्याआधी डबा पुसा. बिनपाण्याचं वॉर्मर असेल तर हा प्रश्नच मिटतो. मायक्रोवेव्ह कधीच नाही: एका जागी दूध उकळतं, दुसऱ्या जागी बर्फ राहतो आणि प्रतिपिंडं जळतात.

आता डबा उजेडात धरून बघा. दुधाच्या पातळीच्या जरा वर, आतल्या बाजूने पिवळसर कडं दिसेल. बाळाच्या वाट्याच्या कॅलरी तिथे आहेत. थंड असतानाच दूध सिरिंजमध्ये ओढलं तर ते कडं डब्यातच राहतं आणि डबा कचऱ्यात जातो. आधी शरीराच्या तापमानाजवळ येऊ द्या, मग मनगटाने गोल गोल फिरवा. कडं सुटून दुधात मिसळलं की मगच मोजा. जोरजोरात हलवलं तर फेस होतो आणि सिरिंजवर १० मिली दिसलं तरी त्यात हवा असते.

३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या आईला सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा संसर्ग आधी होऊन गेलेला असेल, तर तो दुधातून येऊन बाळाला आजारी पाडू शकतो. गोठवल्याने त्याचं प्रमाण घटतं, पूर्ण मरत नाही, पाश्चरीकरणाने मरतो. त्यासाठी ताजं दूध थांबवायचं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. हा निर्णय डॉक्टरांचा, नर्सने परस्पर घ्यायचा नाही.

पायरी ४: पाश्चरीकरण

दुग्धपेढीची रूढ पद्धत होल्डर: ६२.५ अंश सेल्सियस, ३० मिनिटं, मग झटपट ४ अंशांकडे. ऐकायला सोपी, पण गोम तपशिलात आहे. सगळ्या बाटल्यांत दूध सारखंच हवं, नाहीतर अर्धी बाटली आधी तापते आणि भरलेली मागे राहते. एका बाटलीत तापमानाची कांडी असते. ३० मिनिटं मोजायची ती कांडीने ६२.५ दाखवल्यापासून, बाटल्या पाण्यात ठेवल्यापासून नाही. पाणी दुधाच्या पातळीच्या वर, झाकणाच्या खाली. दोन अंश जास्त चढले किंवा पाच मिनिटं लांबली तर "जास्त सुरक्षित" होत नाही, फक्त प्रतिपिंडं जास्त मरतात. पाश्चरीकरणानंतरच्या कल्चरमध्ये (जंतू वाढतात का बघण्याच्या चाचणीत) काहीही वाढलं तर ती पूर्ण खेप टाकायची. बॅसिलस सीरियससारख्या जंतूंचे बीजाणू या उष्णतेत टिकतात, त्यामुळे ही चाचणी नावापुरती नाही.

काय टिकतं? लॅक्टोज, दुधातल्या जटिल शर्करा (आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य), बरीचशी फॅटी आम्लं, खनिजं. काय घटतं? प्रतिपिंडं, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम, क जीवनसत्त्व. काय पूर्ण जातं? जिवंत पेशी आणि पित्तक्षारांनी जागं होणारं ते लायपेज. म्हणून पाश्चरीकृत दुधातल्या चरबीचा आकडा तोच राहिला तरी ती पचते कमी. कागदावर ६७ किलोकॅलरी असल्या तरी शोषल्या जातात त्याहून कमी.

तरीही आईचं दूध कमी पडत असेल तर पहिली पसंती दान केलेल्या दुधालाच. पावडरच्या दुधावर वजन जास्त चढतं, पण आतड्याच्या नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस या घातक आजाराचा धोका दान केलेल्या दुधाच्या तुलनेत दुपटीजवळ जातो. वजन फोर्टिफायरने भरून काढता येतं, आतडं नाही. मात्र आईचं स्वतःचं दूध तिच्याच बाळासाठी "खबरदारी म्हणून" सरसकट पाश्चरीकृत करणं ही खबरदारी नव्हे, नुकसान आहे.

७२ अंशांवर काही सेकंद तापवण्याच्या किंवा उच्च दाबाच्या पद्धतींनी जैविक घटक जास्त टिकतात, पण अजून बहुतेक पेढ्या होल्डरच वापरतात.

पायरी ५: फोर्टिफायर

फीड दर किलोमागे ५० ते १०० मिली झालं की साधारणपणे सुरू करतात. अनेक पावडरींची मात्रा २५ मिली दुधाला १ ग्रॅमची एक पुडी अशी असते, पण आपल्या पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय हात घालू नका. १०० मिलीला साधारण १ ग्रॅम प्रथिनं आणि १५ किलोकॅलरी वाढतात असं धरलं, तर वरच्या बाळाचे १६० मिली १३१ किलोकॅलरी आणि ३.५ ग्रॅम प्रथिनांवर येतात. दान केलेल्या दुधात तेवढीच पुडी घातली तर प्रथिनं ३ ग्रॅमवरच अडतात. दोन्ही दुधांना एकच नुस्खा लावणं ही नेहमीची चूक.

सगळ्यात जास्त चुका होतात अर्ध्या पुडीत. फीड १० मिलीचं आहे म्हणून पुडीतून "अंदाजे निम्मी" घालतात. कधी पाऊण जाते, कधी पाव. पूर्ण २५ मिली दूध घ्या, पूर्ण पुडी घाला, त्यातलं १० मिली द्या. उरलेलं झाकून, वेळ लिहून फ्रीजमध्ये.

फोर्टिफायर दूध देण्याच्या जितक्या जवळ मिसळाल तितकं बरं. आईच्या दुधाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) किलोला ३०० मिलीऑस्मोलच्या आसपास असते, पुडी घातली की ती चढते. शिवाय दुधातलं अमायलेज हे एन्झाइम पुडीतले डेक्स्ट्रिन (साखरेच्या लांब साखळ्या) तोडत राहतं, त्यामुळे ठेवलेल्या दुधात ती आणखी वाढते. साधारण ४५० च्या वर जाऊ नये. त्यात कुणी मल्टिव्हिटॅमिन, लोह आणि कॅल्शियमची औषधं एकाच फीडमध्ये ओतली की बाळाला पोटफुगी होते आणि दोष फोर्टिफायरला लागतो. औषधं वेगवेगळ्या फीडला वाटून द्या. पावडर निर्जंतुक नसते हेही लक्षात असू द्या: स्वच्छ ओटा, हात धुतलेले, पुडी कापायची कात्री वेगळी.

पायरी ६: सिरिंज आणि नळी

इथपर्यंत सगळं जपलेलं दूध इथे वाया जातं. दूध स्थिर राहिलं की साय वर येते. सिरिंज फीड ढकलणाऱ्या पंपावर आडवी ठेवून, तोंड खाली किंवा समोर करून चार तास सतत फीड चालू ठेवलं, तर आधी खालचं पातळ दूध जातं आणि साय सिरिंजमध्ये, नळीच्या भिंतीवर राहते. पंप बंद करताना जे पांढरं, जाडसर उरतं आणि आपण फेकतो, ती दिवसाची बचत होती. सतत फीडमध्ये स्निग्धांशाचा पाचवा हिस्सा गेला असं धरा. १०० मिलीत ३.५ ग्रॅमपैकी ०.७ ग्रॅम, म्हणजे सहा किलोकॅलरी. १६० मिलीत दहा. बाळाच्या वजनात हे दिसतं.

उपाय सोपे आहेत. शक्य असेल तर सतत फीडऐवजी दर दोन-तीन तासांनी, गुरुत्वाने किंवा थोड्या वेळात संपणारं फीड. पंप लागणारच असेल तर सिरिंज अशी कलती ठेवा की तोंड वरच्या बाजूला येईल, म्हणजे साय आधी जाईल. नळी लांबीला कमी, जाडीला बारीक. फीड संपल्यावर नळीतलं दूध थोड्या हवेने पुढे ढकला, पाण्याने नाही. पंपावरचं दूध चार तासांच्या वर ठेवायचं नाही.

फोटोथेरपीच्या (काविळीवरच्या उपचाराच्या) निळ्या प्रकाशाखालून नळी जात असेल तर दुधातलं रायबोफ्लेविन आणि क जीवनसत्त्व मोडतं. नळी झाका, सिरिंज बाजूला ठेवा.

वजन अडलं तर

दिवसाला दर किलोमागे १५ ते २० ग्रॅम वाढ आणि आठवड्याला डोक्याचा घेर जवळपास १ सेंटिमीटर, ही अपेक्षा. यापेक्षा कमी असेल तर फोर्टिफायर वाढवण्याआधी दुधाची वाट तपासा. लिहिलेले १६० मिली खरंच गेले का, की दोन फीड उलटीमुळे थांबवले होते? सतत फीड आहे का? या आठवड्यात ताजं दूध किती, गोठवलेलं किती, दान केलेलं किती? पुडी कोण आणि कशी मिसळतंय? रक्तातलं सोडियम कमी तर नाही ना, कारण मग कितीही कॅलरी घातल्या तरी वजन चढत नाही.

दुधाच्या कॅलरी मोजायला दूध-विश्लेषक यंत्र नसेल तर क्रीमॅटोक्रिट करा. हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण मोजण्याच्या चाचणीची) काचेची बारीक नळी घ्या, नीट फिरवून एकजीव केलेलं दूध तीन चतुर्थांश भरा, एक टोक बंद करा आणि हिमॅटोक्रिटच्याच यंत्रात फिरवा. वर पांढरट साईचा थर आणि खाली पातळ निळसर दूध वेगळं होतं. साईची लांबी भागिले एकूण दुधाची लांबी, टक्क्यांत. त्या आकड्याला ६६.८ ने गुणून २९० मिळवले की लिटरमागे किलोकॅलरी. ६ टक्के आले तर ६९१, म्हणजे १०० मिलीला ६९. हे सूत्र ताज्या दुधासाठी आहे. गोठवलेल्या किंवा तापवलेल्या दुधात चरबीचे गोळे फुटलेले असतात, थर वेगळा बसतो आणि आकडा फसवतो. नमुना मात्र पूर्ण काढलेल्या, एकत्र केलेल्या दुधातलाच हवा. सुरुवातीच्या धारेतला घेतला तर "आईचं दूध पातळ आहे" हा चुकीचा निष्कर्ष पुन्हा निघेल.

कॅलरी कमी निघाल्या आणि आईला दूध भरपूर असेल, तर पहिली दोन-तीन मिनिटं निघालेलं वेगळं ठेवून नंतरचं दाट दूध वापरता येतं. त्याने स्निग्धांश वाढतो, प्रथिनं नाही. प्रथिनं कमी पडतात का हे रक्तातल्या युरिया नायट्रोजनवरून कळतं: मूत्रपिंड ठीक असताना ते १० मिलिग्रॅमच्या खाली (डेसिलिटरला) असेल तर डॉक्टर प्रथिनांची वेगळी भर घालतात, १६ च्या वर असेल तर कमी करतात. हा आकडा आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बघितला जातो.

शिफ्ट बदलताना फीडच्या तक्त्यावर फक्त "ईबीएम (आईचं काढलेलं दूध) २० मिली" लिहून जाऊ नका. ताजं की गोठवलेलं की दान केलेलं, फोर्टिफायर कितव्या मात्रेत, गुरुत्वाने दिलं की पंपावर, सिरिंजमध्ये शेवटी काय उरलं, एवढं त्याच ओळीत लिहा.